इंजिनिअरिंग सोडून कृषीला? आधी जागा हातात येऊ दे

पत्र: "मी मंगरूळपीर तालुक्यातली. बारावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय होते. सीईटीनंतर अमरावतीच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागला. पहिल्या सेमिस्टरला गणित आणि बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये केटी आली, म्हणजे त्यात नापास झाले. वर्गात सगळं इंग्रजीत, मला तर प्रश्नही विचारता येत नाही. दिवाळीत घरी होते तेव्हा आमच्या कपाशीत कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावले आणि रोज किती पतंग पडले ते वहीत लिहून ठेवलं. बाबांनी त्यावरूनच फवारणीचं ठरवलं. मला कृषीलाच जायला पाहिजे होतं असं आता वाटतं. पण बाबा म्हणतात, 'साऱ्या गावाले सांगतलं पोरगी इंजिनेर होते म्हणून, आता लोकाइले काय सांगू?' आत्या म्हणते, शिकायचं नसेल तर लग्न करून टाका. काय करू?"

बेटा, तुझं पत्र वाचताना मला त्यात दोन वेगळी कारणं दिसली आणि तू ती एकत्र केली आहेस. केटी आली, इंग्रजी झेपत नाही, म्हणून इंजिनिअरिंग नको, हे एक. पीक आणि कीड यांत मन रमतं म्हणून कृषी हवी, हे दुसरं. निर्णय फक्त दुसऱ्या कारणावर घे.

पहिल्या कारणाचं आधी बोलू. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात कॉम्प्युटर फारसा नसतोच. गणित, भौतिकशास्त्र, ग्राफिक्स, इलेक्ट्रिकल हे बहुतेक सगळ्या शाखांना सारखंच असतं. तेव्हा तुला कॉम्प्युटर आवडत नाही, हे अजून तुलाही ठरवता येणार नाही. दोन केट्यांमुळे कोणी बाद होत नाही. खेड्यातून मराठीत शिकून आलेल्या कितीतरी मुलामुलींची पहिली सेमिस्टर अशीच जाते, आणि त्यातली पुष्कळशी दुसऱ्या वर्षापर्यंत सावरतात. शिवाय कृषीला गेलीस तर इंग्रजी सुटेल, असं मनात असेल तर ते काढून टाक. बी.एस्सी. ॲग्री इंग्रजीतच शिकवतात, किडींची शास्त्रीय नावं पाठ करावी लागतात आणि सांख्यिकी तिथेही आहे.

आता ती वही. गुलाबी बोंडअळीसाठी शास्त्रज्ञ सांगतात की सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, की नुकसानीची पातळी गाठली असं समजून उपाय करायचा. म्हणजे रोज पतंग मोजून लिहून ठेवणं हेच कीटकशास्त्राचं पहिलं काम, आणि ते तू कोणी न सांगता केलंस. सुट्टीत घरी आलेलं पोर झोपतं, मोबाईल पाहतं. तू सकाळी उठून सापळे तपासत होतीस. आवड आहे असं तोंडाने म्हणणारे रोज भेटतात, पण तू तर वहीत लिहून ठेवलं आहेस. म्हणून माझं मत कृषीकडे झुकतं.

पण कृषी म्हणजे फक्त कीड नाही, हेही समजून घे. मृदाशास्त्र, कृषिविद्या, वनस्पती रोगशास्त्र, उद्यानविद्या, कृषी अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण असे विषय चार वर्षं शिकावे लागतात. शेवटच्या वर्षी गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करायचं असतं. पुढे एम.एस्सी. आहे, एमपीएससीची कृषी सेवा आहे, बँकांमध्ये कृषी क्षेत्र अधिकारी भरले जातात. खत-औषधाचं कृषी केंद्र काढायचं तरी परवान्यासाठी ही पदवी चालते. पण पदवी हातात पडली की नोकरी, असं इथेही नाही. सरकारी भरती निघेपर्यंत वाट पाहत बसलेले ॲग्रीवाले तुझ्या तालुक्यातही सापडतील. त्यांच्यापैकी दोघा-तिघांशी बोलून घे.

कॉलेजबाबत माझा आग्रह आहे. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. त्याचं स्वतःचं कॉलेज अकोल्याला आहे, तसंच नागपूरलाही. आधी तिथे प्रयत्न कर. खासगी कृषी कॉलेज घ्यायची वेळ आली तर प्रवेशाआधी स्वतः जाऊन त्यांचं शेत बघ. प्रात्यक्षिकाचे प्लॉट उभे आहेत का आणि प्रयोगशाळा वापरात दिसते का, ते पाहा. नुसती इमारत पाहून परत येऊ नकोस.

प्रवेशासाठी सीईटी पुन्हा द्यावी लागेल, मागच्या वर्षीचे गुण चालत नाहीत. अर्ज मुदतीत भर, आणि तोपर्यंत दुसऱ्या सेमिस्टरचा एकही पेपर बुडवू नकोस. कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीत, कृषीची जागा मिळाली, ती तुला पटली, की मगच इंजिनिअरिंगचा प्रवेश रद्द कर. रागाच्या भरात आधी टीसी काढणारी मुलं मी पाहिली आहेत. मग दोन्हीकडची दारं बंद होतात आणि वर्षभर घरी बसावं लागतं. तुझ्या आत्याचं म्हणणं खरं व्हायला तेवढं पुरे होईल.

फीचंही पाहून घे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, कॅपमधून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. कृषीचे अभ्यासक्रमही त्यात येतात. तू एक वर्ष एका कोर्सला ही सवलत घेतली असशील, तर कोर्स बदलल्यावर काय होतं ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातून लेखी विचारून घे. तोंडी उत्तरावर विसंबू नकोस.

हे पुढचं तुझ्या बाबांना वाचून दाखव.

भाऊ, मध्येच कॉलेज सोडलं तर चारही वर्षांची फी भरावी लागते, असं गावात सर्रास सांगतात. ते खरं नाही. पुढच्या वर्षांची फी मागायची परवानगी कॉलेजला नाही, आणि मुलीची मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचीही नाही. एक वर्ष जाईल, हे मात्र खरं. ते नुकसान मी लहान मानत नाही. पण तुमच्या पोरीने मोजलेल्या पतंगांवरून तुम्ही फवारणी ठरवली, म्हणजे तिच्या कामावर तुम्ही आधीच विश्वास टाकला आहे. लोकांनी विचारलं तर सांगा, पोरगी आता शेतीचं शास्त्र शिकते. यात मान खाली घालण्यासारखं काही नाही. आणि लग्नाचा विषय या निर्णयात आणू नका. ती शिक्षण सोडत नाहीये, बदलते आहे.

बेटा, आता सीईटीच्या फॉर्ममधला गट. बी.एस्सी. ॲग्रीला पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) आणि पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) दोन्ही चालतात. तरी तू पीसीएम भर. जीवशास्त्र सोपं वाटतं म्हणून पीसीबीकडे मन ओढेल, पण अकोल्याचं कृषी अभियांत्रिकीचं बी.टेक. आणि पुसदजवळच्या वरूडचं दुग्ध तंत्रज्ञान गणितावर मिळतं. मशीन आणि शेती दोन्ही आवडणाऱ्या मुलीने हे पर्याय उघडे ठेवावेत. आणि सीईटीसाठी बारावीचं डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, मॅट्रिक्स पुन्हा पक्कं केलंस की गणिताच्या केटीचा बराचसा पायाही त्याच अभ्यासात तयार होईल. हॉस्टेलवर रोज पहाटेचा एक तास त्याला दे, बाकीचा वेळ कॉलेजच्या पेपरांना.