कीबोर्डच्या काही पट्ट्या वाजत नाहीत, दोन उगाच जोरात वाजतात आणि स्पीकर खरखरतो. घरी दुरुस्त होईल का?

बहुधा होईल. पण स्क्रू काढण्याआधी कुठल्या पट्ट्या बिघडल्यात ते कागदावर लिहून काढा.

इकडे एक, तिकडे एक अशा विखुरलेल्या पट्ट्या असतील, तर आत मळ साचलाय. लागून असलेल्या सहा-आठ पट्ट्या एकदम गप्प असतील किंवा ठरावीक अंतराने एकेक गेली असेल, तर पुसून काही होणार नाही. एकेका लाइनवर बऱ्याच पट्ट्या जोडलेल्या असतात. तेव्हा आधी रिबन केबल (बोर्डांना जोडणारी चपटी, रुंद वायर) सैल झालीय का ते बघायचं.

हळू दाबूनही दणक्यात वाजणाऱ्या त्या दोन पट्ट्याही मळानेच बिघडलेल्या असणार. टच-सेन्सिटिव्ह कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली दोन कॉन्टॅक्ट (दाबल्यावर वीज जोडणाऱ्या जागा) असतात. एक जरा आधी टेकतो, दुसरा नंतर, आणि मधल्या वेळेवरून आवाज किती मोठा ते ठरतं. पहिला मळाने उशिरा लागला की मधला वेळ कमी भरतो आणि कीबोर्डला वाटतं तुम्ही जोरात ठोकलंत. दुसरा लागलाच नाही, तर पट्टी मुकीच.

अडॅप्टर आणि सेल काढा, कीबोर्ड मऊ टॉवेलवर पालथा घाला. स्क्रू लहान-मोठे असतात, म्हणून कुठला कुठून निघाला त्याचे फोटो काढत चला. (मेनची वायर थेट आत जाणारं मॉडेल असेल तर मात्र उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) प्लग काढल्यावरही चार्ज राहतो.) पट्ट्यांखाली रबराची पट्टी आणि तिच्या आत काळे कार्बनचे ठिपके दिसतील. सर्किट बोर्डावरचे कॉन्टॅक्ट कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा. रबरावरचे ठिपके नुसत्या कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने. पॉलिश पेपर अजिबात नको, कार्बन निघाला की खेळ खल्लास. गंज काढायचा तेलकट स्प्रेही नको. रबर परत बसवताना त्याची बारीक टोकं भोकांत पूर्ण दाबा, नाहीतर पट्टी जड लागते. सगळे स्क्रू आवळण्याआधी एकदा वाजवून बघा.

आता खरखर. लोक आधी स्पीकरलाच दोष देतात, पण हेडफोन लावून ऐका. त्यातही खरखर असेल तर स्पीकर निर्दोष. मग सेलवर चालवून बघा. सेलवर आवाज स्वच्छ आला तर अडॅप्टर बदला. नवा घेताना व्होल्टेजबरोबर पोलॅरिटीही जुळवा. जुन्या कॅसिओंच्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरला मधली पिन निगेटिव्ह असते, यामाहाच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरला पॉझिटिव्ह. व्हॉल्यूमचा नॉब फिरवतानाच करकर होत असेल, तर त्याच्या पोटात थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे कॉन्टॅक्ट साफ करायचा स्प्रे) मारून वीस-पंचवीस वेळा फिरवा.

हेडफोनमध्ये सगळं ठीक आणि स्पीकरमधून फक्त खालच्या सप्तकातले काही स्वर झिणझिणत असतील, तर सैल स्क्रू, सैल जाळी किंवा कोनवर (स्पीकरचा थरथरणारा पडदा) पडलेला कचरा शोधा. झिणझिण सुरू असताना बोटाने जाळी दाबून धरा. आवाज थांबला तर जागा सापडली. कोन फाटलेला निघाला, तर जुन्या स्पीकरच्या पाठीवर छापलेले ओहम आणि वॅट बघून त्याच मापाचा नवा बसवा.