गावच्या उत्सवी नाटकात काम करायला पहिल्यांदाच बोलावलंय. नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, किती मागू? जास्त सांगितली तर दुसरीला बोलावतील का?

वयाने मोठी आहे म्हणून तू म्हणते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुझ्या वयात मलाही तीच भीती होती: नाही, बोलावत नाहीत. तीन तालमींत पदांसकट बाई उभी करणं किती कठीण असतं ते मंडळाला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

गोव्यात पेडण्यातल्या एका गावचं संगीत नाटक होतं. सेक्रेटरींशी फोनवर सगळं बोलले होते. तालमी तीन आणि वर रंगीत तालीम, न्यायला गाडी, नाटक संपल्यावर फोंड्यापर्यंत घरी सोडायचं, अर्धी नाईट रंगीत तालमीला आणि उरलेली तोंडाला रंग लागायच्या आधी. फोन ठेवल्यावर हेच सगळं मेसेज करून पाठवलं. त्यांचं ‘ठीक आहे’ आलं.

नाटकाच्या रात्री पालखी लांबली. मी मेकअपला बसले होते आणि देवळात पावणी, म्हणजे देवापुढच्या वस्तूंचा लिलाव, चालू होती, लाऊडस्पीकरवरून सगळं ऐकू येत होतं. देवापुढच्या एका नारळावर बोली चढत चढत हजारांत गेली. एक वार, दोन वार, आणि टाळ्या. तेवढ्यात खजिनदार पाकीट घेऊन आले. उरलेल्या पैशांच्या जागी त्यात त्याच्याही निम्मे. म्हणाले, “यंदा फंड कमी जमलाय बाई, देवाची सेवा समजा.”

माझा अंबाडा अर्धाच बांधून झाला होता. मी आवाज चढवला नाही. फोन काढून त्यांच्याच सेक्रेटरींचा मेसेज दाखवला आणि विचारलं, “मंडपवाल्याला सेवा सांगितलीत? लाईटवाल्याला? ऑर्गनवाल्याला?” ते गप्प. मग म्हटलं, “भाऊ, ठरलेलं माझ्या हातात द्या. देवापुढे काय ठेवायचं ते मी ठेवीन. माझी सेवा तुम्ही परस्पर करू नका.” नाटक करणार नाही असं चुकूनही म्हटलं नाही, तूही म्हणू नकोस. समोर चटया टाकून बसलेल्या गावाचा काय दोष? थोड्या वेळाने पूर्ण पैसे आले. त्यातले काही मी सकाळी फंडपेटीत टाकले, मनापासून. साडेबाराला पडदा वर गेला, दुसऱ्या अंकातल्या पदाला वन्समोर मिळाला, आणि पुढच्या वर्षी त्याच मंडळाचा पहिला फोन मला आला.

माझा थोरला भाऊ तबला वाजवतो, हात सोन्यासारखा आहे. आमचं यावरून वर्षानुवर्षं वाजतं. कलेचा भाव केला की कला बाटते, थोर कलाकार पैशाचं बोलत नाहीत, असं तो म्हणतो. दादा, तू हे वाचशीलच, म्हणून इथेच लिहिते. आपल्या केरीच्या केसरबाई केरकर, जन्म १८९२. बिदागीच्या बाबतीत किती काटेकोर होत्या ते सगळ्यांना माहीत आहे. रेडिओला त्यांनी नकार दिला, ध्वनिमुद्रिका करायच्या की नाही तेही स्वतः ठरवलं. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर जी तबकडी अवकाशात गेली तिच्यावर हिंदुस्थानी संगीत म्हणून त्यांचाच आवाज आहे. कुठे बाटली कला? तबल्याची पुडी फाटली तर भरणारा नारळ घेऊन भरून देत नाही. घरी चूल पेटलेली असेल तरच ‘पैशाचं काय घेऊन बसलात’ म्हणता येतं. नाटकात काम करणाऱ्या बायकांच्या मागच्या पिढीला ते कधीच परवडलं नाही.

आता नाईट किती. तुझ्या तालुक्यात या मोसमात काम करणाऱ्या दोघींना आणि एखाद्या ऑर्गनवाल्याला विचार. ऑर्गनवाल्यांना सगळ्यांचे भाव माहीत असतात. मग आकडा तू आधी सांग, एकदाच सांग आणि गप्प बस. “तुम्हाला काय द्यायचं ते द्या” हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नकोस. कमी करायला सांगितलं तर आकडा सोडण्याआधी तालीम कमी कर. पदं असतील तर गद्य भूमिकेपेक्षा जास्त माग. कला अकादमीच्या स्पर्धेत बक्षीस मिळालेलं असेल तर ते बोलताना सांग, त्यात फुशारकी नाही. आणि हल्ली नाटक यूट्यूबवर लाईव्ह करतात, ते वेगळं विचार. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ आणि ३८ए नुसार कलाकाराच्या परवानगीशिवाय प्रयोगाचं चित्रण करता येत नाही, आणि तो हक्क पन्नास वर्षं राहतो. मंडळांना हे माहीत नसतं, शांतपणे सांगितलं तर ऐकतात.

एक राहिलं. तुझ्या स्वतःच्या गावचं, तुझ्या कुळाच्या देवाचं नाटक असेल तर वरचं सगळं बाजूला ठेव आणि फुकट कर, मीही करते. चांगला दिग्दर्शक असेल तर पहिल्या वर्षी कमीत केलंस तरी माझी हरकत नाही, पण कमी घेतेय हे त्यांना आधी कळू दे.

आणि गावात कोणी वारलं की सुतकामुळे नाटक पुढे जातं, हे दर मोसमात कुठे ना कुठे होतं. तेव्हा उचल परत करायची नाही आणि नवी तारीख तू मोकळी असशील तरच, एवढं त्याच मेसेजमध्ये लिहून ठेव.