मारुती 800 घाटात झटके देऊन बंद पडते. इंजिनकाम करावंच लागेल का?

तुमची गाडी 1998 ची, कार्ब्युरेटरची. अर्धा तास नीट चालते, मग चढावर झटके खाते, पिकअप जातो, बंद पडते आणि दहा मिनिटं उभी केली की पुन्हा सुरू होते. एवढ्यावर इंजिन खोलू देऊ नका. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेले असते तर गाडी पहिल्या चढालाच ओढली नसती. झिजलेलं इंजिन दहा मिनिटं उभं राहून बरं होत नाही.

म्हणजे एकतर पेट्रोल पुरत नाही, नाहीतर तापल्यावर करंट जातो. पंचाईत अशी की गॅरेजला पोचेपर्यंत गाडी थंड होते आणि गुणी बाळासारखी चालते. मग मेस्त्री अंदाजाने पार्ट बदलत बसतो. तपासायचं ते रस्त्याच्या कडेला, त्याच दहा मिनिटांत.

आधी पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि थोडे सेल्फ मारल्यावर गाडी सुरळीत झाली, तर आजार तिथेच. माझ्या जुन्या गाडीचं मूळ झाकण हरवलं म्हणून मी रस्त्यावरच्या दुकानातून दुसरं बसवलं. त्याला हवेचं भोकच नव्हतं! पेट्रोल संपत जाईल तशी टाकीत पोकळी व्हायची आणि पंपाला ओढता येईना. ते कळेपर्यंत कार्ब्युरेटर दोनदा साफ झाला, प्लग नवे आले, आणि खंबाटकी घाट मी चार वेळा बॉनेट उघडं ठेवून पाहिला.

झाकण बंद करून मग करंट. डिकीत एक जादा प्लग ठेवा. प्लगची एक वायर काढून त्याला लावा, प्लगची लोखंडी बाजू इंजिनला टेकवून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. हाताने धरू नका, झटका हजारो व्होल्टचा असतो. जवळपास पेट्रोल गळत नाही ना, तेही पाहा. निळी, कडक ठिणगी पडली तर करंट ठीक. पिवळी, मरतुकडी, किंवा नाहीच, तर संशय कॉइलवर, म्हणजे प्लगसाठी हजारो व्होल्टचा करंट तयार करणाऱ्या पार्टवर. तापली की मरायची आणि थंड झाली की जिवंत व्हायची, ही जुन्या कॉइलची जुनी खोड.

ठिणगी चांगली असेल तर इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओला फडका ठेवा. त्याने गाडी लगेच सुरू झाली तर पाइपात पेट्रोलची वाफ अडकत होती. नाहीतर फिल्टर बदला. जुन्या टाकीतला गंज आणि गाळ तिथेच येऊन बसतो. रबरी पाइप दाबून पाहा, कडक झालेले किंवा भेगाळलेले काढून टाका. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला ते रबर बनवलेलं नाही, आणि चिरलेल्या पाइपातून पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो.

एवढं करूनही मेस्त्री इंजिनकामावर अडून बसले, तर आधी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेजवर दाखवा म्हणा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आणि पुरेसे असतील तर चावी घेऊन घरी या. एखादा कमी असेल तर त्या प्लगच्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह.