दारूची भट्टी नाही हो ती, इथेनॉल आहे

दादा, पत्र वाचलं. मुलगी टीवाय बीएस्सी केमिस्ट्रीला, तिला साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल बनवतात तिथे, नोकरी करायचीय, आणि घरात आजी म्हणतात दारूच्या भट्टीत पोरगी कशाला, तर मामा म्हणतात थोड्या वर्षांत सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक होणार, मग इथेनॉल काय प्यायचंय का.

आजींना सांगा, साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट दोन्हीकडे तेच पण पुढचं काम वेगळं. साधं डिस्टिलेशन साधारण ९५-९६ टक्के अल्कोहोलवर अडकतं, उरलेलं पाणी निघतच नाही, मग ती वाफ मॉलेक्युलर सिव्हमधून काढतात, तिथले बारीक मणी पाणी धरून ठेवतात आणि ९९.५ च्या वरचं इथेनॉल मिळतं. पेट्रोलमध्ये पाणी चालत नाही म्हणून हा खटाटोप.

मामांचं अर्धं खरं आहे. पण इलेक्ट्रिक आली म्हणून रस्त्यावरच्या जुन्या गाड्या उद्या भंगारात जात नाहीत, आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतंय, आणि ब्राझील तर १९७५ पासून याच वाटेवर आहे. हां, लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज पडतं ही ओरड काही खोटी नाही.

मला खरी भीती वेगळीच वाटते, सरकारी धोरणाची. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकदम बंदी आली, नंतर थोडी सूट दिली, पूर्ण मोकळीक पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये. उसाच्या रसावर आणि मळीवर, म्हणजे साखर काढून उरलेल्या पाकावर, चालणाऱ्या डिस्टिलऱ्यांनी मग मक्याकडे बघायला सुरुवात केली. म्हणून मुलीला सांगा फक्त मळी शिकू नकोस, धान्याचंही शिक, मक्याचा स्टार्च एन्झाइमनं आधी साखरेत उतरवावा लागतो, तिथे तिची केमिस्ट्री कामाला येईल. फर्मेंटेशन नीट हातात बसलं की औषध कंपनी, एन्झाइमवाले, सगळीकडे दार उघडं, नुसती "इथेनॉलवाली" होऊन बसू नये एवढंच.

कोर्ससाठी पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट बघा, तिथे अल्कोहोल टेक्नॉलॉजी शिकवतात, कानपूरला नॅशनल शुगर इन्स्टिट्यूट आहे. पात्रता आणि फी त्यांच्या साइटवरच बघा, एजंटला पैसे देऊ नका. इंजिन टेस्टिंगचं म्हणाल तर पुण्यात एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था आहे पण ती लाइन मेकॅनिकलवाल्यांची.

आणि एक, अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी हंगामात तिला एकदा डिस्टिलरी दाखवून आणा, ऑफिसातून नाही, थेट स्पेंटवॉशच्या, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या, टाकीपाशी. एक लिटर अल्कोहोलमागे आठ-दहा लिटर, कधी जास्तच, ते काळं पाणी निघतं, वास कपड्यातून जात नाही, आणि त्याची विल्हेवाट हेच सगळ्यात अवघड काम. तिथल्या केमिस्टला विचारा रात्रपाळी किती, बायकांची राहायची-जायची सोय काय, हंगाम संपल्यावर पगार चालू राहतो का. तिथून आल्यावरही ती हो म्हणाली तर फॉर्म भरा.