बरोबर उत्तराबद्दल माफी

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे, दहावीला ९२ टक्के. जेईईचा क्लास लावलाय. पण दिवाळीपासून तो थ्री-आय ॲटलास या धूमकेतूची कक्षा काढत बसतो. ‘धूमकेतू येतोय, पृथ्वीच्या संरक्षणाची यंत्रणा सज्ज केली, नासा लपवतंय’ असा मेसेज थोरल्या काकांनी घरच्या ग्रुपवर टाकला, तर यानं आकडे देऊन तो खोडला. मी त्याला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. हल्ली तो जेवताना बोलत नाही. नासाचे आकडेसुद्धा सारखे बदलतात, मग अशा अंदाजपंचे विषयात करिअर होतं का? रसायनशास्त्रात मार्क कमी झालेत. त्याला समजवा. – एक पालक, सांगली

उत्तर : मला आधी तुमच्याशी बोलायचंय. मुलगा काकांना उद्धटपणे बोलला असता, तर त्या बोलण्याबद्दल माफी ठीक होती. पण तसं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे त्याला माफी मागावी लागली ती उत्तर बरोबर असल्याबद्दल. घरात पुराव्यापेक्षा वय मोठं, एवढंच यातून तो शिकला. उद्या क्लासमध्ये काही डोक्यावरून गेलं, तर तो ते तुम्हाला सांगेल का? मार्कांपेक्षा मला ते जेवतानाचं गप्प राहणं जास्त गंभीर वाटतं.

‘आकडे बदलतात म्हणजे अंदाजपंचे’ हा समज तर आधी काढून टाका. एका निरीक्षणातून विषुवांश आणि क्रांती असे आकाशातली जागा सांगणारे दोन आकडे मिळतात. तीन निरीक्षणांचे सहा होतात आणि कक्षा ठरवायलाही सहाच लागतात. पण ही तीन निरीक्षणं दोन-चार रात्रींतली असली, तर मोजमापातली इवलीशी चूक पुढच्या महिन्यांत लाखो किलोमीटरची होऊ शकते. निरीक्षणांचा कालावधी वाढला की ही अनिश्चितता आकसते. आकडे बदलतात ते त्यामुळे. १ जुलै २०२५ला चिलीतल्या दुर्बिणीतून हा धूमकेतू सापडला आणि काही दिवसांतच त्याची कक्षा उघडी असल्याचं, म्हणजे तो सूर्यमालेबाहेरून आला असून परत येणार नसल्याचं, स्पष्ट झालं. त्याची उत्केंद्रता, म्हणजे कक्षा वर्तुळापासून किती वेगळी आहे ते सांगणारा आकडा, ६च्या वर आहे. १च्या वर गेली तरी कक्षा बंद होत नाही. नंतर मंगळाभोवतीच्या युरोपीय यानाची निरीक्षणं मिळाली, तेव्हा त्याच्या मार्गाचा अंदाज सुमारे दहापट अचूक झाला. १९ डिसेंबरला तो आपल्या सर्वांत जवळ होता, तेव्हाही जवळपास २७ कोटी किलोमीटरवर!

काकांच्या मेसेजमागे बहुधा एक खरी गोष्ट असावी. लघुग्रहांचा इशारा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय जाळ्यानं २७ नोव्हेंबर ते २७ जानेवारी या काळात या धूमकेतूची स्थानं मोजण्याचा सराव ठेवला होता. धूमकेतूभोवती धूसर वायू-धूळ असते, त्यामुळे मोजलेला मध्य शेपटीकडे घसरतो. ती चूक कमी करायला शिकणं, एवढाच हेतू. मुलानं हे शोधून सांगितलं असेल, तर त्याचं कौतुक व्हायला हवं होतं.

त्याच्यासाठीही दोन शब्द. जगभरची लघुग्रह-धूमकेतूंची निरीक्षणं गोळा करणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरची निरीक्षणं फाइंड-ऑर्ब या कक्षा काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालत असशील, तर प्रत्येक निरीक्षण आणि गणितानं आलेलं स्थान यांतला फरक बघ. एखादं निरीक्षण बाकीच्यांपासून कितीतरी विकलांनी (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) फटकून असेल, तर ते बाजूला काढ, आणि का काढलंस ते लिहून ठेव. स्वतः मोजलेलं स्थान घालताना वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतच दे. चुकून भारतीय वेळ घातलीस, तर साडेपाच तासांत पृथ्वीच आपल्या कक्षेत सुमारे ६ लाख किलोमीटर पुढे गेलेली असते. उत्तर नासाच्या होरायझन्स या ग्रह-धूमकेतूंची स्थानं देणाऱ्या ऑनलाइन सेवेशी ताडून पाहा. आणि ग्रुपवर ‘तुमचं चूक’ लिहिण्यापेक्षा धूमकेतू आठ दिवसांनी कोणत्या ताऱ्याजवळ असेल ते आधीच लिही. मग ज्याला पडताळायचंय तो पडताळेल.

वाटा नेहमीच्याच आहेत : जेईईबरोबर आयसर आणि नायसर या विज्ञानसंस्थांच्या आयएटी आणि नेस्ट या प्रवेशपरीक्षा द्याव्यात, बीएस्सी फिजिक्स केलं तर पुढच्या शिक्षणासाठी जॅम, जेस्ट या प्रवेशपरीक्षा. बारावीच्या नोव्हेंबरात खगोलशास्त्राची एनएसईए ही ऑलिंपियाडची पहिली परीक्षा मात्र चुकवू नये. रसायनशास्त्राची तक्रार रास्त आहे, कारण आयएटीत तो विषय असतोच. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी कक्षेला, बाकीच्या अभ्यासाला, एवढं त्याच्याशी बसून ठरवा.

पण ते दुसऱ्या दिवशी. आज त्याच ग्रुपवर, सगळ्यांसमोर, त्याचे आकडे बरोबर होते असं तुम्ही स्वतः लिहा.