मेंढीच्या लोकरीवर संशोधन करायचंय: पशुवैद्यक की जैवतंत्रज्ञान?

पत्र: मुलगी बारावीला आहे. जनुकबदल करून मेंढीची लोकर वाढवतात, हे वाचल्यापासून तिला हेच काम करायचंय. पशुवैद्यक घ्यावं की जैवतंत्रज्ञान? – एक आई

उत्तर:

ताई, प्रवेश मिळत असेल तर पशुवैद्यक. कारण सांगते.

लोकर म्हणजे मुख्यतः केराटिन हे प्रथिन. त्यासाठी गंधक असलेलं सिस्टीन हे अमिनो आम्ल भरपूर लागतं आणि मेंढीला नेमकं तेच कमी पडतं. म्हणून ऑस्ट्रेलियात जिवाणूंची सिस्टीन बनवणारी जनुकं मेंढीत घालण्याचे प्रयत्न झाले. न्यूझीलंडमध्ये वाढीला चालना देणारं एक जनुक केसांच्या मुळाशी कामाला लावलं. १९९६ साली छापून आलेल्या निष्कर्षांत धुतलेली लोकर सरासरी ६.२ टक्के जास्त भरली, पण पुढच्या पिढीत तो फायदा टिकला नाही. अलीकडे चीनमध्ये क्रिस्पर ही जनुकं कापणारी कात्री वापरून एफजीएफ-५ हे जनुक बंद केलं. केसाला वाढ थांबवायचा निरोप देणारं हे जनुक गप्प झालं आणि लोकर लांब वाढली.

ही जनुकीय कात्री चालवणं तुमची मुलगी पदव्युत्तर शिक्षणातही शिकेल. खरा वेळ पुढे जातो. भ्रूण दुसऱ्या मेंढीच्या गर्भाशयात सोडायचा, पाच महिने गाभण मेंढी सांभाळायची, कोकरू वर्षाचं झालं की लोकर कातरून मोजायची, मग त्याच्या पिल्लांची वाट बघायची. वाढीच्या संप्रेरकाचं जादा जनुक घातलेल्या मेंढ्या पूर्वी आजारी पडल्या, लवकर दगावल्या. जनावराला काय सोसावं लागतंय हे ओळखणारं माणूस अशा प्रयोगात हवंच, आणि तिने ते व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. लोकरीचं वजन आणि तंतूची जाडी अनेक जनुकं मिळून ठरवतात. त्यामुळे आजवरची बहुतेक सुधारणा चांगले नर-मादी निवडून केलेल्या पैदाशीतून झाली आहे. म्हणून पदवीनंतर तिने पशुआनुवंशिकी व पैदास हा विषय घ्यावा, आणि संख्याशास्त्राची तयारी आत्तापासून करावी. गणित सोडू देऊ नका.

पशुवैद्यकला प्रवेश नाहीच मिळाला तर जैवतंत्रज्ञानातूनही वाट आहे. मात्र प्रयोगशाळेला जोडून जनावरांचा कळप असलेली संस्था शोधा.

अर्ज भरण्याआधी विण्याच्या हंगामात तिला चार दिवस कळपात राहू द्या. अडलेली मेंढी सोडवताना ती रात्रभर तिथून हलली नाही, तर मला पुन्हा लिहा.