स्पॅनिशच्या प्रेझेंट सब्जंक्टिव्हचे प्रत्यय सारखे उलटसुलट होतात, कसे लक्षात ठेवू?

तुम्ही लिहिलंय की बी-वनला, म्हणजे मधल्या पातळीला आलाय आणि आर, एर, इरने संपणाऱ्या क्रियापदांना सब्जंक्टिव्हचे, म्हणजे इच्छा किंवा शंका सांगणाऱ्या रूपाचे प्रत्यय लावताना सरमिसळ होते. मीपण डेक्कनच्या एका क्लासमध्ये इथेच अडकले होते म्हणून जरा नीट सांगते.

तक्ता पाठ करू नका. साध्या वर्तमानकाळातलं 'मी'चं रूप घ्या, शेवटचा ओ काढा आणि स्वरांची अदलाबदल करा, म्हणजे आर असेल तर ए लावायचा, एर किंवा इर असेल तर आ. आब्लार म्हणजे बोलणं, 'मी बोलते' आब्लो, त्याचं आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. कोमेर म्हणजे खाणं, कोमो, मग कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमाइस, कोमान. बिबीर म्हणजे राहणं, ते अगदी कोमेरसारखंच चालतं.

'मी'पासूनच का, तर तेनेरचं (जवळ असणं) तेंगो होतं म्हणून पुढे तेंगा, तेंगास आपोआप बरोबर येतं. सेर, एस्तार, इर, आबेर, साबेर, दार ही सहाच वेगळी पाठ करा. आणि स्पेलिंग सांभाळा, बुस्कोचं (मी शोधते) बुस्के लिहिताना सी तसाच ठेवला तर उच्चार 'से' होतो, म्हणून तिथे क्यू-यू येतो. येगारमध्ये (पोचणं) जीनंतर यू घालायचा, तोही याच कारणाने. पहिल्या टेस्टला माझे मार्क इथेच गेले.

पण खरी अडचण प्रत्ययांची नसतेच असं मला वाटतं. आपण क्लासमध्ये इंग्लिशमधून विचार करतो आणि इंग्लिशमध्ये हे रूप जवळजवळ दिसतच नाही, मराठीत मात्र दिवसभर तोंडात असतं! 'तू खातोस' ही झाली माहिती, कोमेस. 'तू खावंस असं मला वाटतं' ही इच्छा, किएरो के कोमास. शाळेत शिकलेला विध्यर्थ आठवतोय का, तोच हा. तू आला की शेवटी स, दोन्हीकडे. तसंच 'पाऊस पडो' म्हणजे ओखाला युएबा. मला हे कळलं त्या दिवशी वहीत डावीकडे खावंस, बोलावंस, राहावंस आणि उजवीकडे कोमास, आब्लेस, बीबास असं लिहून काढलं, आणि मग कधी कुठलं रूप हा प्रश्न बराचसा मिटला.

सगळीकडे जुळत नाही हां. 'तो येईल असं वाटत नाही' यात आपल्याकडे साधा भविष्यकाळ आहे, स्पॅनिशला तिथेही सब्जंक्टिव्हच लागतो, नो क्रेओ के बेंगा. 'पुण्याला पोचलास की फोन कर' यातलं पोचलास पण तसंच, कुआंदो येगेस. ही वाक्यं वेगळ्या पानावर लिहा.

रोज एकच क्रियापद घ्या, आधी मराठीत किएरो केचं वाक्य मोठ्याने म्हणा, मग स्पॅनिशमध्ये सहाही रूपं. मी हे बसमध्ये पुटपुटत करायचे. आज एस्क्रिबीर घ्या, लिहिणं, 'मी'चं रूप एस्क्रीबो. पुढची सहा तुम्ही करा आणि खाली लिहा, मी तपासून देते.